न मागितलेल्या करसवलती

प्राप्तिकरातल्या सवलती दोन जातींच्या असतात. पहिली जात पैसे कुठेतरी गुंतवल्यावर किंवा खर्च केल्यावर मिळणाऱ्या सवलतींची: आयुर्विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी, आरोग्यविमा, गृहकर्जाची मुद्दल. दुसरी जात उत्पन्न मोजण्याच्या रीतीतच मुरलेली असते. भाड्यातून सरसकट वजा होणारे तीस टक्के, पगाराच्या थकबाकीवरचा दिलासा, वडिलोपार्जित जागेची २००१ सालची किंमत, यंत्राचा घसारा ही तिची उदाहरणे. पहिल्या जातीची माहिती दर वर्षी जानेवारी उजाडला की घरपोच येते. विमा एजंट, बँक आणि म्युच्युअल फंडाचा वितरक यांचे त्यात कमिशन असते, म्हणून ३१ मार्चची आठवण करदात्याच्या आधी त्यांनाच होते. दुसऱ्या जातीत कोणालाच काही सुटत नाही. तिची जाहिरात होत नाही, ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर चर्चा होत नाही, आणि विवरणपत्र भरताना तिचा रकाना शून्य लिहून पुढे सरकवला जातो. हातातून निसटणाऱ्या सवलती बहुतेक या दुसऱ्या जातीतल्या निघतात.

नव्या करप्रणालीने हा विसर आणखी वाढवला आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, वेगळा पर्याय न निवडल्यास नवी प्रणालीच लागू होते. तिच्यात ८०सी, ८०डी, घरभाडे भत्ता वगैरे गेले, आणि त्याबरोबर ‘आता वजा करण्यासारखे काही उरलेच नाही’ असा समज रूढ झाला. गेल्या त्या मुख्यतः पहिल्या जातीच्या सवलती. दुसऱ्या जातीच्या बऱ्याचशा जागच्या जागी आहेत. उलट त्यांचे मोल वाढले आहे, कारण २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर पडत नाही, पण ती रेघ ओलांडली की आकारणी ४ लाखांच्या वरच्या सगळ्या उत्पन्नावर होते. रेघेच्या थोडे वर गेलेल्याला सीमांत दिलासा मिळतो, तो लवकरच संपतो. अशा रचनेत पन्नास-साठ हजारांची एखादी वजावट अख्खा कर पुसू शकते. (येथील आकडे २०२५-२६चे, म्हणजे १९६१च्या कायद्याखालच्या शेवटच्या वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.)

घर भाड्याने देणाऱ्याच्या हिशेबात हे सर्वांत स्पष्ट दिसते. घरभाड्याचे उत्पन्न म्हणजे हाती आलेले भाडे नव्हे. मिळालेल्या भाड्यातून आधी मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेतून तीस टक्के सरसकट वजा होतात, दुरुस्तीवर एक रुपया खर्च झालेला नसला तरी. त्यानंतर कर्जावरचे व्याज. तीस टक्क्यांची वजावट दोन्ही प्रणालींत आहे आणि तिला पावती लागत नाही. ती हुकते ती भाडे चुकीच्या तक्त्यात गेल्यामुळे: ‘घरापासूनचे उत्पन्न’ या सदराऐवजी ‘इतर स्रोत’ या सदरात रक्कम लिहिली की संगणक काहीच वजा करत नाही.

एका निवृत्ताचे करपात्र पेन्शन, प्रमाणित वजावटीनंतर, १०,४०,००० रुपये आहे आणि दुसऱ्या फ्लॅटचे भाडे महिना २०,००० येते, असे धरू. २,४०,००० रुपये जसेच्या तसे ‘इतर स्रोत’मध्ये लिहिले तर एकूण १२,८०,००० होतात आणि उपकरासह ७४,८८० रुपये कर बसतो. तेच भाडे योग्य सदरात नेले, भरलेला १५,००० रुपयांचा मालमत्ता कर वजा केला आणि उरलेल्या २,२५,००० मधून तीस टक्के, म्हणजे ६७,५००, काढले, तर घराचे उत्पन्न १,५७,५०० उरते. एकूण ११,९७,५००. कर शून्य. यात कुठलीही गुंतवणूक नाही की पळवाट नाही. कायद्याने सांगितलेली बेरीज-वजाबाकी तेवढी केलेली आहे.

मालमत्ता कराचा आकडा मात्र मालकाने स्वतः शोधून लिहावा लागतो, आणि मुंबईत तो बहुधा सापडत नाही, कारण तो वेगळ्या पावतीने भरलेला नसतो. गृहनिर्माण संस्था साऱ्या इमारतीचा कर एकत्र भरते आणि सभासदाकडून मेंटेनन्सच्या बिलात वसूल करते. बिलात सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पाणीपट्टी, लिफ्ट, पार्किंग यांच्या रांगेत ‘मालमत्ता कर’ किंवा ‘म्युनिसिपल टॅक्स’ अशी एक ओळ असते. वर्षभराच्या बिलांतल्या त्या ओळीची बेरीज हीच वजावट. बाकीच्या ओळी वजा होत नाहीत. त्यांच्यासाठीच ते तीस टक्के आहेत असे कायदा मानतो. हा कर भरलेल्या वर्षात वजा होतो, त्यामुळे मागील वर्षांची थकबाकी यंदा भरली असेल तर तीही यंदा चालते. भाडेकरूने परस्पर भरलेला कर मात्र मालकाला मिळत नाही. करार करताना हे लक्षात ठेवलेले बरे.

भाडे बुडवून गेलेल्या भाडेकरूचेही एक कलम आहे. न मिळालेल्या भाड्यावर कर भरावा लागत नाही, पण चार अटी आहेत: व्यवहार खरा असावा; भाडेकरूने जागा सोडलेली असावी किंवा त्याला काढण्याची पावले उचललेली असावीत; तो त्याच मालकाच्या दुसऱ्या जागेत राहत नसावा; आणि वसुलीसाठी दावा लावलेला असावा किंवा दावा लावून उपयोग नव्हता हे दाखवता यावे. पुढे ती रक्कम हाती आलीच तर त्या वर्षी ती करपात्र होते आणि तेव्हाही तिच्यातून तीस टक्के सुटतात. लिव्ह अँड लायसन्सचे अकरा महिने संपून नवा माणूस मिळेपर्यंत फ्लॅट रिकामा राहिला, तर त्या काळाचे काल्पनिक भाडेही धरावे लागत नाही.

सर्वांत महागडे दुर्लक्ष सहमालकीचे आहे. वडिलांच्या पश्चात वाडा किंवा चाळीतल्या खोल्या चौघा भावंडांच्या नावावर होतात, भाडे थोरल्याच्या खात्यात जमा होते, आणि कर तोच भरत राहतो. कलम २६ प्रमाणे हिस्से निश्चित असतील तर प्रत्येकाच्या हिश्श्याचे भाडे त्याच्या-त्याच्या उत्पन्नात मोजायचे असते. पैसे कोणाच्या खात्यात येतात हा मुद्दा गौण आहे. वर्षाचे ४,८०,००० रुपये चौघांत विभागले की प्रत्येकी १,२०,००० होतात, आणि ज्या बहिणीला दुसरे उत्पन्न नाही तिच्या हिश्श्यावर काहीच कर पडत नाही. यासाठी मालकी मात्र खरी लागते. पतीने मोबदला न घेता पत्नीच्या नावावर केलेले घर करापुरते पतीचेच राहते.

व्याजाबाबत दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. कलम २४ खालची व्याजाची वजावट बँकेच्याच कर्जाला मिळते असे नाही. घरासाठी भावाकडून किंवा मित्राकडून घेतलेल्या कर्जाचे व्याजही चालते, फक्त त्याचा लेखी पुरावा हवा आणि देणाऱ्याने ते आपल्या उत्पन्नात दाखवायला हवे. दुसरी गोष्ट ताबा मिळण्याआधीच्या व्याजाची. इमारत पूर्ण होण्याआधीच्या वर्षांत भरलेले व्याज वाया जात नाही. पूर्णत्वाच्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत ते वजा होते. ठाणे, पुणे, पनवेलकडच्या रखडलेल्या प्रकल्पांत हप्ते फेडत बसलेल्यांसाठी ही रक्कम लाखांत जाते. ताबा मिळाल्याच्या आनंदात पहिल्या वर्षी ती मागायची राहते, आणि एकदा राहिली की पुढच्या चार वर्षीही कोणाला आठवत नाही. नव्या प्रणालीत व्याजाची वजावट भाड्याने दिलेल्या घरालाच आहे आणि त्यातून झालेला तोटा पगारातून वळता होत नाही. स्वतः राहत्या घराचे दोन लाखांपर्यंतचे व्याज हवे असेल तर जुनी प्रणाली निवडावी लागते.

पगारदारांच्या वाट्याची सर्वांत विसरली जाणारी सवलत कलम ८९ची आहे. वेतन आयोगाचा फरक किंवा पदोन्नतीचा उशिरा लागलेला निकाल यातून दोन-तीन वर्षांची थकबाकी एकदम हाती येते आणि सगळी त्याच वर्षाच्या उत्पन्नात मोजली जाते. समजा करपात्र उत्पन्न ११,५०,००० आहे, म्हणजे कर शून्य. त्यात ३,००,००० ची थकबाकी आली की १४,५०,००० होतात आणि कर बसतो १,०१,४०० रुपये. थकबाकीचा एक तृतीयांश गेला. ती थकबाकी २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांची, निम्मी-निम्मी असेल, आणि त्या वर्षीची उत्पन्ने नव्या प्रणालीत साडेनऊ आणि १०.२ लाख असतील, तर तेव्हा त्या रकमांवर १५ टक्क्यांनी, उपकरासह प्रत्येकी २३,४०० रुपये कर पडला असता. दोन्ही मिळून ४६,८००. कलम ८९ सांगते की करदात्याने तेवढाच सोसावा. उरलेले ५४,६०० रुपये सुटतात. ही सवलत नव्या प्रणालीतही आहे. अट एकच, विवरणपत्राआधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरायचा. तो न भरता विवरणपत्रात नुसता आकडा लिहिला तर विभाग दिलासा नाकारून मागणीची सूचना पाठवतो. शाळा-महाविद्यालयांतून निवृत्त झालेल्या कितीतरी जणांना फॉर्म १०ई चे नाव त्या सूचनेतच पहिल्यांदा वाचायला मिळते.

कुटुंब निवृत्तिवेतनाचे असेच होते. पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारे पेन्शन पगार म्हणून मोजले जात नाही. ते इतर उत्पन्नात जाते आणि त्याचा एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,००० रुपये, जे कमी असेल ते, वजा होते. जुन्या प्रणालीत ही मर्यादा १५,००० आहे. रक्कम लहान, पण मागावी लागते.

जुनी प्रणाली निवडणाऱ्यांना पहिल्या जातीतल्याही काही अपरिचित सवलती मिळतात, आणि त्यांतल्या दिव्यांगत्वाशी जोडलेल्या दोन मोठ्या आहेत. अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी कलम ८०डीडी ७५,००० रुपये आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये वजा करू देते. खर्च त्याहून कमी झाला असला तरी वजावट पूर्णच मिळते. लागते ते वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र. करदाता स्वतः दिव्यांग असेल तर हेच आकडे ८०यू खाली आहेत. साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा आरोग्यविमा काढलेलाच नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावर रोखीशिवाय केलेला ५०,००० पर्यंतचा खर्च ८०डी मध्ये बसतो. वय झाल्यामुळे विमा कंपनीने दारातूनच परत पाठवलेल्यांसाठी ही तरतूद आहे, आणि ती माहीत नसणारेही तेच. ज्यांना घरभाडे भत्ता मिळत नाही पण भाडे भरावे लागते, त्यांना ८०जीजी खाली महिना ५,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. आधी फॉर्म १०बीए भरावा लागतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्याला दर वर्षी प्रणाली बदलता येते. व्यावसायिकाला जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत परतण्याची मुभा एकदाच, म्हणून त्याने घाई करू नये.

जमीन आणि जुनी घरे विकताना होणारे नुकसान लाखांच्या घरात असते. आजोबांनी बांधलेल्या घराची मूळ किंमत कोणालाच ठाऊक नसते, तेव्हा ‘किंमत शून्य, सगळा नफा’ असे धरून कर भरणारे लोक आढळतात. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेला त्या दिवसाची बाजारभावाची किंमत धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाकडून ती काढून घ्यावी लागते आणि रेडी रेकनरचा त्या दिवसाचा दर उपलब्ध असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही. २००१ची किंमत ८ लाख आणि २०२५-२६ मध्ये विक्री ६० लाखांना झाली, तर ५२ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी साडेसहा लाख होतात. पण २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या जमीन-घराला निवासी व्यक्ती आणि अविभक्त कुटुंब यांच्यासाठी जुनी रीतही खुली आहे. महागाई निर्देशांक ३७६ लावून किंमत ३०.०८ लाख, नफा २९.९२ लाख, त्यावर २० टक्क्यांनी ५.९८ लाख. दोन्ही आकडे मांडल्याशिवाय कोणता पत्करावा हे कळत नाही. कर अजिबात नको असेल तर दुसरे घर घेणे किंवा ५० लाखांपर्यंतची रक्कम सहा महिन्यांच्या आत ठरावीक रोख्यांत पाच वर्षे ठेवणे हे मार्ग दोन्ही प्रणालींत आहेत.

शेतजमिनीचा नियम लोकसंख्येवर आणि अंतरावर चालतो. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून दोन, एक ते दहा लाखांच्या शहरापासून सहा आणि त्याहून मोठ्या शहरापासून आठ किलोमीटरच्या बाहेरची शेती भांडवली मालमत्ताच ठरत नाही. तिच्या विक्रीचा नफा करमुक्त. अंतर सरळ रेषेत मोजायचे, रस्त्याने नाही. सक्तीच्या संपादनात याहून मोठी सूट आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेल्या मोबदल्याला त्याच कायद्याचे कलम ९६ प्राप्तिकरातून वगळते, आणि जमीन शेतीची नसली तरी हे लागू आहे, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६च्या परिपत्रक ३६ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही मोबदल्यातून टीडीएस कापला जातो, आणि कापला म्हणजे कर लागतच असणार असे समजून शेतकरी तो परत मागत नाही.

छोट्या दुकानदारांसाठी कलम ४४एडीची अनुमानित पद्धत आहे: वह्या न ठेवता उलाढालीच्या आठ टक्के नफा दाखवायचा. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर आठ ऐवजी सहा टक्के पुरतात, हे अर्ध्यांना ठाऊक नसते आणि अर्ध्यांचा हिशेबनीस सरसकट आठ लावून मोकळा होतो. उलाढाल १ कोटी ९० लाख असेल तर आठ टक्क्यांनी नफा १५,२०,००० आणि दुसरे उत्पन्न नसले तरी कर १,१२,३२० रुपये. त्यातले १ कोटी ६० लाख डिजिटल मार्गाने आले असतील तर त्यावर ९,६०,००० आणि रोखीच्या ३० लाखांवर २,४०,०००, मिळून बरोबर १२ लाख. कर शून्य. मार्चमधल्या उधारीचे पैसे विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेत आले तर तेही सहा टक्क्यांत बसतात. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर तोच दाखवायला हवा. सहा टक्के ही किमान पातळी आहे. या पद्धतीत आगाऊ कराचे चार हप्ते भरावे लागत नाहीत, १५ मार्चचा एकच पुरतो.

वह्या ठेवणाऱ्यांसाठी बुडीत उधारीचा नियम महत्त्वाचा. ती वजा करण्यासाठी गिऱ्हाइकाचे दिवाळे सिद्ध करावे लागत नाही. हिशेबात रक्कम बुडीत म्हणून निर्लेखित केली की पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात सांगितले. वर्षानुवर्षे ‘येणे बाकी’ म्हणून मिरवणारी रक्कम त्यामुळे निदान कर तरी वाचवते. भागीदारी संस्थेत भागीदारांच्या वेतनाची मर्यादा २०२४-२५पासून वाढली आहे: पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के, जे अधिक असेल ते. पण जुन्या भागीदारीपत्रात ठरावीक रक्कम लिहिलेली असेल तर पत्र दुरुस्त करेपर्यंत वाढीचा उपयोग नाही. लेखापरीक्षण होणाऱ्या उद्योगाने महिना २५,००० पर्यंत पगाराची नवी माणसे घेतली तर वाढलेल्या वेतनखर्चाच्या तीस टक्के जादा वजावट तीन वर्षे मिळते.

राज्याच्या आणि पालिकेच्या करांतही असे कोपरे आहेत. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील व्यक्तींना व्यवसाय कर माफ आहे, तसाच तो दिव्यांग मुलाच्या पालकांनाही. तरी वर्षाचे २,५०० रुपये सवयीने भरणारे ज्येष्ठ वकील-डॉक्टर आहेत. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे, पण ज्यांच्या बिलात ती लागलेली नाही त्यांनी पीटी-३ अर्ज भरून पुरावा द्यायचा असतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर २०२२ साली माफ झाला, त्याला अर्ज लागला नाही. फरक लक्षात घेण्याजोगा आहे: जिथे अर्ज लागत नाही तिथे सवलत सगळ्यांपर्यंत पोहोचते.

या सगळ्यावर तारखेचा अंमल चालतो. शेअरचा किंवा धंद्याचा तोटा पुढील आठ वर्षांत वळता करायचा तर विवरणपत्र मूळ मुदतीतच जावे लागते. उत्पन्न करपात्र नाही म्हणून ते न भरणारा माणूस तो तोटा गमावतो. घराच्या सदरातल्या तोट्याला ही अट नाही. सुधारित विवरणपत्राची मुदत गेली की विसरलेली सवलत सरळ मागता येत नाही. त्यानंतरचे अद्ययावत विवरणपत्र चार वर्षांपर्यंत भरता येते, पण ते फक्त जास्त कर भरण्यासाठी. परतावा वाढवण्यासाठी ते चालत नाही. सरकारला येणे असेल तर दार चार वर्षे उघडे आणि देणे असेल तर लवकर बंद, ही रचना न्याय्य म्हणता येणार नाही. उरतो तो कलम ११९(२)(ब) खालचा विलंबमाफीचा अर्ज. ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रक ११ नुसार तो संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो. उशीर का झाला याचे खरे कारण आणि दावा मंजूर न झाल्यास होणारी अडचण त्यात दाखवावी लागते, आणि अशा रीतीने मिळालेल्या परताव्यावर व्याज मिळत नाही.